कॉसमॉस बँक सायबर हल्ला
कॉसमॉस बँक सायबर हल्ला हा ऑगस्ट २०१८ मध्ये पुणे येथील कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेला संगणकीय दरोडा होय. ११ व १३ ऑगस्ट या दोन दिवसांत बँकेचे एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. १९०६ साली स्थापन झालेली ही बँक देशातील मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक आहे.

घटनाक्रम

११ ऑगस्ट रोजी, शनिवारी, बनावट डेबिट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे १२ हजार व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये काढण्यात आले. त्याच दिवशी भारतात रुपे कार्डांच्या सुमारे २,८०० व्यवहारांतून आणखी अडीच कोटी रुपये गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट प्रणालीद्वारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील हँग सेंग बँकेच्या एका खात्यात वळवण्यात आले. त्यानंतर बँकेने एटीएम व ऑनलाइन सेवा काही काळ बंद ठेवल्या आणि पुण्यातील चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला.

कार्यपद्धती

एटीएममध्ये कार्ड घातल्यावर रकमेची मागणी बँकेच्या 'स्विच' या संगणकाकडे जाते. तो मुख्य बँकिंग प्रणालीला खात्यातील शिल्लक विचारतो आणि मगच यंत्राला परवानगी देतो. हल्लेखोरांनी घातक प्रणालीच्या साहाय्याने एक पर्यायी, बनावट स्विच उभा केला. त्यामुळे मागण्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. बनावट स्विचच त्यांना मंजुरी देत राहिला. परिणामी ग्राहकांच्या खात्यांतील शिल्लक कमी झाली नाही व नुकसान थेट बँकेचे झाले. एकाच बँकेच्या कार्डांवर इतक्या देशांतून काही तासांत आलेल्या मागण्या वेळीच न अडवल्या जाणे, हा या घटनेतील सर्वांत गंभीर दोष म्हणावा लागेल.

तपास व परिणाम

एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरवले. हे आरोपी प्रामुख्याने देशातील एटीएममधून रक्कम काढण्याशी संबंधित होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मधील अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट जाहीर केली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी तिला चार स्तरांची जोड मिळाली. बँकेच्या डिजिटल सेवा जितक्या व्यापक, तितकी बंधने अधिक, असे तिचे सूत्र आहे.

लहान उद्योगांचा संदर्भ

धुळे जिल्ह्यातील नरडाणा येथील औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणच्या लहान कारखान्यांना स्विचवरील हल्ल्याचा थेट धोका नसतो. त्यांच्याकडे चोर बहुधा ईमेलमधून येतो. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने, एखादे अक्षर बदललेल्या पत्त्यावरून, 'बँक खाते बदलले आहे' असा निरोप येतो आणि बिलाची रक्कम भलत्याच खात्यात जमा होते. यावरचा उपाय खर्चिक नाही: जुन्याच दूरध्वनी क्रमांकावर विचारणा करणे आणि मोठ्या रकमेसाठी दोन व्यक्तींची मंजुरी ठेवणे. खंडणीसाठी संगणकातील माहिती कुलूपबंद करणाऱ्या हल्ल्यात मात्र, हिशेबाची जाळ्यापासून अलग ठेवलेली प्रत नसेल तर फारसा इलाज उरत नाही.

आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करता येते. ती लवकर झाल्यास रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. एप्रिल २०२२ मधील सर्ट-इनच्या निर्देशांनुसार कंपन्यांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे.