नागिणींनी तोललेले प्रवचनपीठ

गोव्यातल्या जुन्या चर्चमध्ये बाजूच्या भिंतीला, माणसाच्या डोक्याहून उंच, लाकडी प्रवचनपीठ असते. वर आवाज खाली परतवणारे छत, मधे कोरीव फळ्यांचा कठडा आणि खाली निमुळता होत जाणारा तळ. काही पीठांच्या तळाशी कमरेवर स्त्री आणि कमरेखाली नागीण अशा आकृती सारा भार तोलून धरतात. या नागिणी आल्या कुठून? माझे उत्तर असे : पीठाची कल्पना युरोपची, पण त्याला रूप गोव्याच्या हातांनी दिले.

कल्पनेचे मूळ स्पष्ट आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–६३) प्रवचनावर भर दिला आणि धर्मगुरूचा शब्द सर्वांना ऐकू जाईल अशा उंच पीठांची गरज वाढली. हातांचा पुरावा मात्र एका बंदीत सापडतो. १५६७च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजावस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत, असे ठरवले. जे घडतच नाही त्यावर कोणी बंदी घालत नाही. काम स्थानिक कारागिरांकडे जात होते, म्हणूनच ती घालावी लागली.

यावर आक्षेप असा की, अर्धी स्त्री आणि अर्धा सर्प किंवा मासा अशा आकृती युरोपच्या छापील नक्षीतही होत्या. ते खरेच आहे. पण नमुना कुठून आला एवढ्याने तो इथे का रुजला हे कळत नाही. ज्या भूमीत सातेरी देवीची वारुळाच्या रूपात पूजा होते आणि नागपंचमी पाळली जाते, तिथल्या सुताराला ही आकृती परकी वाटण्याचे कारण नव्हते. मग त्याने आपला देव चोरून चर्चमध्ये आणला का? तसे म्हणणेही ताणल्यासारखे होईल. ही आकृती दडवलेली नाही, ती सर्वांच्या नजरेसमोर आहे. पाद्र्याला तिच्यात शुभवार्तेखाली नमलेला जुना धर्म दिसू शकत होता, गावकऱ्याला ओळखीची राखणदार. दोन्ही अर्थ एकाच लाकडात मावत होते, म्हणूनच ती टिकली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) प्रवचन वेदीजवळून होऊ लागले, ध्वनिवर्धकाने उंचीची गरजही संपवली. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालय अशा वारशाची काळजी घेते, पण पीठाचा अर्थ त्याच्या भिंतीशी बांधलेला आहे. म्हणून वापरातून गेलेली ही पीठे अडगळ समजून हलवू नयेत. परक्या आज्ञेला गोव्याच्या कारागिराने दिलेले उत्तर तिथेच, जागेवर, वाचता येते.