विजेची मोटार घेण्यापूर्वी मीटर पाहा

विजेवर चालणारी मोटार घेऊ इच्छिणारा ग्राहक विक्रेत्याला सर्वप्रथम विचारतो तो, एका चार्जिंगमध्ये ती किती किलोमीटर धावते, हा प्रश्न. सदनिकेत राहणाऱ्या शहरी ग्राहकासाठी याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. रात्री मोटार जेथे उभी राहणार, तेथपर्यंत आपल्या मीटरची वायर नेता येईल काय?

बंगळुरूची ‘रेवा’ २००१ मध्ये बाजारात आली तेव्हा ती घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होत असे. आजच्या बहुतेक मोटारीही अशा सॉकेटवर चार्ज होतात. त्यातून तासाला साधारण तीन युनिट वीज मिळते. टाटा मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये आणलेल्या ‘नेक्सॉन’ची बॅटरी सुमारे ३० युनिटची होती, तेवढी पूर्ण रिकामी बॅटरी भरण्यास सबंध रात्र जाईल. पण ती रोज रिकामी होतेच कुठे? शहरात दिवसाला ४० किलोमीटर फिरणाऱ्यास सहा-सात युनिट लागतात आणि ती दोन-अडीच तासांत भरून निघतात. ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर सोयीचा खरा. मात्र त्यासाठी अनेकदा मंजूर वीजभार वाढवून घ्यावा लागतो.

खरी अडचण आहे ती सोसायटीच्या वाहनतळात. तेथील दिवे सामायिक मीटरवर चालतात. त्यावर मोटार चार्ज केली, तर त्या विजेचे पैसे इतर सभासदांनी का भरावेत, हा आक्षेप रास्तच म्हटला पाहिजे. आपल्या मीटरवरून स्वतंत्र वायर आणणे किंवा चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेणे, हे त्यावरचे दोन मार्ग. वीज ग्राहकांच्या हक्कांबाबतच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची मुभा ग्राहकाला मिळाली. तरीही वायर जिन्यातून आणि आवारातूनच न्यावी लागते. त्यामुळे कार्यकारिणीकडे अर्ज मोटारीचे पैसे भरण्यापूर्वी करावा आणि संमती लेखी घ्यावी. यांत्रिक ‘स्टॅक पार्किंग’ असेल किंवा जागा ठरलेली नसेल, तर हा तिढा सुटेपर्यंत खरेदी लांबवलेली बरी.

बिलाचा हिशेबही आधीच मांडावा. रोजची साडेसहा युनिट धरली, तरी महिन्याला १९५ युनिटची भर पडते. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने ही भर वरच्या, महागड्या टप्प्यात मोजली जाते. महाराष्ट्रात वाहन चार्जिंगसाठी वेगळी दरश्रेणी आहे. दोन्ही दर ताडून पाहूनच जोडणीचा निर्णय घ्यावा.

वायरिंगमध्ये काटकसर नको. चार्जिंग सुरू असताना सॉकेटवर तासन्‌तास पूर्ण भार असतो. त्यामुळे चार्जरसाठी थेट मीटरपासून वेगळी, पुरेशा जाडीची वायर, चांगले अर्थिंग, एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असायलाच हवी. खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडून चार्जिंग करणे म्हणजे आगीला आमंत्रण. तळघरात किंवा सखल भागात वाहनतळ असल्यास सॉकेट पावसाळ्यात पाणी चढते त्या पातळीच्या बराच वर बसवावा.

घरी सोयच नसेल, तर सार्वजनिक केंद्रावर विसंबावे लागते. तेथे विजेचा दर घरापेक्षा सहसा जास्त असतो, शिवाय रांगेत वेळ जातो तो वेगळाच. जलद चार्जर बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरतो. पुढे वेग मंदावतो. म्हणून महामार्गावर १०० टक्क्यांचा हट्ट न धरता ८० टक्क्यांवर निघावे. मुंबईहून पुण्यास जाताना बोरघाटाचा चढही हिशेबात धरावा. दीड टनाची मोटार सुमारे ६०० मीटर वर चढविण्यासच अडीच ते तीन युनिट जादा लागतात. परतताना उतारावर त्यांतील काही बॅटरीत परत येतात.