वजाबाकीचें यंत्र

यंत्रांचा इतिहास लिहिणारे सामान्यतः भर घालणाऱ्या यंत्रांचाच इतिहास लिहितात. अमुक यंत्रानें माणसाचें बळ वाढविलें, अमक्यानें त्याचा वेग वाढविला, तिसऱ्यानें त्याचा शब्द दूरवर पोंचविला, अशा वर्णनांनीं ग्रंथ भरलेले आहेत. परंतु ज्याला कांहीं वाढवितांच येत नाहीं, ज्याचें सारें कर्तृत्व कमी करण्यांत आहे, अशा यंत्राकडे इतिहासकाराचें लक्ष क्वचितच जातें. संगीताच्या उपासकांनीं आपल्या राहत्या घरांत ध्वनिमुद्रणासाठीं ज्या लहान खोल्या सजविल्या आहेत, त्यांतील मेजावर असेंच एक उपेक्षित यंत्र पुष्कळदां आढळतें. त्यास पॅसिव्ह मॉनिटर कंट्रोलर म्हणतात. धातूची एक लहानशी पेटी, तिच्यावर एक मोठी फिरकी आणि बाजूला दोन-तीन खटके, एवढाच त्याचा संसार. त्यास विजेची वेगळी जोडणी लागत नाहीं. संगणकाच्या ध्वनियंत्रांतून निघालेला विद्युत्-संदेश लाउडस्पीकरांकडे जातांना ह्या पेटींतून जातो, आणि जितका आला त्याहून कमी होऊन बाहेर पडतो. ह्या वजाबाकीची गरज माणसास केव्हां व कां पडली, हें आम्ही येथें पाहणार आहों. कारण आमच्या मतें ही हकीकत यंत्रापेक्षां माणसाच्या कानाची अधिक आहे.

ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या पर्वांत हा प्रश्न ह्या रूपांत उद्भवलाच नव्हता. १९२५ पूर्वीं गायकास एका मोठ्या कर्ण्यापुढें तोंड करून गावें लागे. कर्ण्यांत शिरलेल्या आवाजाच्या धक्क्यानेंच सुई हाले आणि मेणावर रेघ उमटे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन मुद्रित झालें तें ह्याच रीतीनें. आवाज कमी हवा असल्यास गायकानें मागें सरावें, अधिक हवा असल्यास पुढें यावें, हाच काय तो उपाय. ऐकणाऱ्याची साधनेंही अशींच साधीं होतीं. १९०६ सालीं अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें व्हिक्ट्रोला नांवाचें जें यंत्र विक्रीस आणलें, त्याचा कर्णा लाकडी कपाटांत दडविलेला असून त्यापुढें दारें बसविलेलीं होतीं. दारें उघडलीं कीं आवाज मोठा, लोटलीं कीं लहान. दिवाणखान्यांतील आवाजाचें नियमन त्या काळीं सुताराच्या हातीं होतें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

आवाजाच्या घटीस नेमकें माप असावें ही गरज प्रथम संगीतास भासली नाहीं. ती टेलिफोनास भासली. तारेंतून बोलणें जसजसें दूर जाई तसतसें तें क्षीण होई, आणि ही क्षीणता सांगण्यासाठीं टेलिफोनचे इंजिनियर एक मैल प्रमाणभूत तारेंत होणारी घट हेंच माप धरीत. १९२४ सालीं अमेरिकेंतील बेल संस्थेनें त्याच्या जागीं लॉगॅरिथमावर उभारलेलें नवें माप घेतलें, आणि १९२८ सालीं टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या स्मरणार्थ त्यास डेसिबल हें नांव मिळालें. शक्ति निम्मी उरली म्हणजे सुमारें ३ डेसिबलांची घट झाली. दहावा हिस्सा उरला म्हणजे १० डेसिबलांची. ज्या शब्दानें आज आपण मिरवणुकींतील गोंगाट मोजतों, तो शब्द मुळांत नुकसानीचा हिशेब ठेवण्यासाठीं जन्मास आला, ही गोष्ट मोठी मनोरंजक आहे. त्याच टेलिफोनवाल्यांनीं ठराविक घट मुद्दाम घडवून आणणारीं रोधकांचीं जाळीं सिद्ध केलीं. १९२५ मध्यें तबकड्यांचें मुद्रण विजेच्या साह्यानें होऊं लागलें, तें वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीनें. ती पद्धति टेलिफोनच्याच घराण्यांतली. त्यामुळें हीं जाळींही ध्वनिमुद्रणगृहांत आणि रेडिओच्या केंद्रांत आलीं. न्यू जर्सींतील डेव्हन कंपनीच्या टप्प्याटप्प्यानें सरकणाऱ्या फिरक्या तेथील रेडिओच्या मेजांवर प्रसिद्ध होत्या. आजची पेटी त्यांचीच वंशज होय.

विजेच्या आगमनाबरोबर आणखी एक महत्त्वाचा भेद घडून आला. गाण्याची खोली एक आणि ऐकण्याची खोली दुसरी, अशी व्यवस्था रूढ झाली. लंडनच्या ॲबी रोडवर नोव्हेंबर १९३१ मध्यें जें सुप्रसिद्ध मुद्रणगृह उघडलें तेंही ह्याच व्यवस्थेचें. कांचेआड बसलेल्या मुद्रकापुढें आतां दोन निरनिराळे प्रश्न उभे राहिले. तबकडीवर किंवा फितीवर आवाज किती चढवावा, हा पहिला; आणि आपण स्वतः तो किती मोठा ऐकावा, हा दुसरा. पहिल्यांत चूक झाली तर मुद्रण बिघडतें. दुसऱ्यांत चूक झाली तर मुद्रणास कांहीं होत नाहीं, परंतु मुद्रकाचा निर्णय बिघडतो. आणि ही चूक अधिक घातक, कारण ती त्या वेळीं कोणासच कळत नाहीं. म्हणून मोठ्या कन्सोलवर ऐकण्याची फिरकी मुद्रणाच्या फिरक्यांपासून अलग ठेवण्याचा प्रघात पडला.

निर्णय बिघडतो तो कसा, ह्याचें शास्त्रीय उत्तर १९३३ सालीं मिळालें. बेल प्रयोगशाळेंतील फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनीं माणसाच्या कानाची परीक्षा करून असें दाखविलें कीं, कान सर्व स्वरांस सारखा न्याय देत नाहीं, आणि आवाजाच्या पातळीबरोबर त्याचा पक्षपातही बदलतो. सेकंदास १००० आंदोलनांचा एक स्वर ४० डेसिबलांवर ऐकविला, तर १०० आंदोलनांचा खर्जांतला स्वर तितकाच मोठा वाटण्यासाठीं त्यास आणखी वीस डेसिबलांहून अधिक जोर द्यावा लागतो. आवाज वाढवीत नेला म्हणजे हें अंतर पुष्कळ कमी होतें. पुढें १९५६ मध्यें रॉबिन्सन व डॅडसन यांनीं हीं मापें सुधारलीं आणि २००३ मध्यें आंतरराष्ट्रीय प्रमाणांतही तीं नव्यानें निश्चित झालीं. तथापि मूळ सिद्धांत अबाधित राहिला. ह्याचा व्यवहारांतला अर्थ असा. रात्रीं शेजाऱ्यांच्या भीतीनें हळू आवाजांत ज्यानें गाण्याचें मिश्रण केलें, त्यास पखवाज दुबळा वाटेल व तो खर्ज वाढवून ठेवील. सकाळीं तेंच गाणें मोठ्यानें लावतांच तो पखवाज सर्वांस गिळून टाकील. शिवाय एकाच गाण्याचे दोन नमुने असतां किंचित् मोठ्यानें वाजविलेला नमुना बहुधा अधिक सरस भासतो. म्हणजे ज्याची फिरकी घडोघडीं हालते, त्याचा गज दर मोजणीस लांब-आंखूड होत असतो. चित्रपटवाल्यांनीं हें ओळखून आपल्या मिश्रणगृहांत ८५ डेसिबलांची प्रमाण-पातळी रूढ केली. संगीताच्या क्षेत्रांत ऐकण्याची पातळी बांधून घेण्याची योजना बॉब कॅट्झ ह्या अमेरिकन मुद्रकानें २००० सालीं मांडली.

इकडे ध्वनिमुद्रण हळूहळू घरांत शिरत होतें. गिटारवादक लेस पॉल यांनीं १९५७ सालीं अँपेक्स कंपनीचें आठ पट्ट्यांचें मुद्रणयंत्र आपल्या न्यू जर्सींतील घरीं आणविलें. परंतु तें एखाद्या संस्थानिकाच्या ऐपतीचें काम होतें. सामान्य कलावंतास तें दार १९७९ सालीं उघडलें. त्या वर्षीं टास्कॅम कंपनीनें पोर्टास्टुडिओ हें कॅसेटवर चार पट्ट्या मुद्रित करणारें सुटसुटीत यंत्र काढलें. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनीं १९८२ च्या जानेवारींत त्यावर घरच्या घरीं कांहीं गाणीं केवळ नमुन्यादाखल मुद्रित केलीं, आणि तींच त्या वर्षीं ‘नेब्रास्का’ ह्या नांवानें प्रसिद्ध झालीं. १९९१ मध्यें प्रो टूल्स आलें आणि हळूहळू सारें कन्सोल संगणकाच्या पडद्यांत सामावलें. ह्या स्थित्यंतरांत एक गोष्ट नकळत हरवली. कन्सोल गेलें तेव्हां त्यावरची ऐकण्याची फिरकीही गेली. त्यांतच लाउडस्पीकरांच्या पेटींतच वर्धक बसविण्याची रीति पसरली. फिनलंडमध्यें १९७८ सालीं निघालेली जेनेलेक ही त्या रीतीची एक अग्रेसर कंपनी. अशा पेट्यांचें नियंत्रण बहुधा पाठीमागें भिंतीकडे असतें, आणि दोन्ही पेट्यांचें निरनिराळें असतें. घरच्या मुद्रकास आवाज कमी करावयाचा तर माउस घेऊन पडद्यावर जागा शोधणें, हाच मार्ग उरला. संगणकानें एखादे वेळीं बिथरून पूर्ण शक्तीचा कर्कश धमाका सोडला, तर तेवढा अवसर कानास मिळत नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं ती जुनी रोधकांची फिरकी पेटींत बसून पुनः मेजावर आली.

ह्या पेटीचे गुण गातांना तिचे दोष झांकणें योग्य नव्हे. तिच्यांत वर्धक नसल्यामुळें ती स्वतःची खरखर जवळजवळ घालीत नाहीं, हें खरें. परंतु वर्धक नसल्यामुळेंच ती पुढच्या तारेच्या अधीन असते. फिरकीचा रोध ५० हजार ओहम असला आणि ती अर्ध्या दाबावर ठेविली, तर पुढील तारेस साडेबारा हजार ओहमांचा अडसर दिसतो. तार दहा मीटर लांब व तिची धारकता मीटरमागें १०० पिकोफॅराड धरली, तर १२,७०० आंदोलनांपाशींच ३ डेसिबल गळून पडतात, आणि झांजेची झळाळी मंदावते. तीच फिरकी १० हजार ओहमांची असली तर ही गळती ६३ हजारांच्या पलीकडे, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेच्या पुष्कळ बाहेर जाते. तेव्हां रोध बेताचा असावा व तारा आंखूड असाव्या, हा पहिला नियम. दुसरा दोष स्वस्त फिरक्यांचा. त्या अगदीं खालीं ठेविल्या असतां डावी व उजवी बाजू समतोल राहत नाहीं, आणि मधोमध असलेला गायक एका अंगास सरकल्यासारखा भासतो. ठराविक रोधकांची टप्प्यांची फिरकी घ्यावी, नाहीं तर लाउडस्पीकरांची स्वतःची पातळी उतरवून फिरकी मध्यावर किंवा त्याच्या वर वापरावी, म्हणजे हा दोष टळतो. पुष्कळ पेट्यांवर दोन्ही बाजू एकत्र करणारा मोनोचा खटका असतो, तोही वरचेवर दाबून पाहावा. दोन बाजूंच्या लहरी परस्परविरुद्ध असल्या तर एकत्र होतांच त्या एकमेकींस खातात, आणि जें वाद्य मघां भरघोस वाटत होतें तें नाहींसें होतें.

कोणी म्हणेल कीं हीच वजाबाकी संगणक आंकड्यांनीं करतो, मग ही पेटी कशाला? हा आक्षेप रास्त आहे. आंकड्यांच्या पद्धतींत दर ६ डेसिबल घटीस सुमारें एक बिट खर्ची पडतो. १६ बिटांच्या व्यवस्थेंत ती झीज जाणवण्याजोगी होती, परंतु २४ बिटांच्या व्यवस्थेंत तात्त्विक आवाका १४४ डेसिबलांचा असल्यामुळें तिची फारशी भीति उरलेली नाहीं. म्हणून ही पेटी आवाज अधिक शुद्ध करते असें जे विक्रेते सांगतात, त्यांस आम्ही दुजोरा देणार नाहीं. तिचें समर्थन निराळें आहे. ती हाताशीं असते, संगणक बिथरला तरी ती बिथरत नाहीं, आणि तिच्या फिरकीवर एक खूण करतां येते. प्रमाण आवाज लावून व ध्वनिमापक ठेवून एकदां पातळी ठरवावी. चित्रपटगृहाचे ८५ डेसिबल घरगुती खोलींत फार होतात, तेथें ७५ च्या आसपासची पातळी पुरते. ठरलेल्या जागीं खूण करावी आणि निर्णयाचें ऐकणें त्याच खुणेवर करावें. मोठ्यानें किंवा हळू ऐकून पाहण्यास हरकत नाहीं, पण परतून खुणेवर यावें.

ह्यांत कानाच्या आयुष्याचाही प्रश्न आहे. अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेनें १९९८ सालीं दिलेल्या मर्यादेप्रमाणें ८५ डेसिबल आठ तास, ८८ असल्यास चार तास, आणि १०० असल्यास केवळ पंधरा मिनिटें, असा हिशेब आहे. कामाच्या भरांत आवाज आपोआप चढत जातो, थकलेला कान आणखी मागतो, आणि मागाल तें देणारें यंत्र त्याचा नाश करतें. गेलेली श्रवणशक्ति कोणत्याही वर्धकानें परत येत नाहीं.

वाढविण्याचीं साधनें आतां घरोघर व स्वस्त झालीं आहेत. मापांत राहण्याचें काम पूर्वीं मुद्रणगृहाची शिस्त करीत असे; घरांत तें एकट्या माणसावर येऊन पडलें आहे. कोणतीही शक्ति अंगीं नसलेली, केवळ उणें करणारी ही पेटी तेवढ्यापुरती त्या शिस्तीची जागा घेते. टेलिफोनच्या इंजिनियरांनीं नुकसान मोजतां मोजतां जें हस्तगत केलें, तें संगीताच्या न्यायनिवाड्यास उपयोगीं पडावें, ही त्यांच्या श्रमाची अनपेक्षित परंतु उचित अशी फलश्रुति होय.