मुखाहार : त्रिरश्मीपासून पिंपळगावपर्यंत

नाशिकहून आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ३० किलोमीटर अंतरावर पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातील गाव आहे. कांदा, टोमॅटो व द्राक्षे यांची ही मोठी बाजारपेठ होय. द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा, पेठ या भागांतील आदिवासी मजूर या परिसरात कामासाठी येतात. जेथून एवढे अन्न बाहेर जाते, तेथे हातावर पोट असणाऱ्यास काम नसलेल्या दिवशी कोण जेवू घालणार, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचा विचार करताना याच महामार्गावर, नाशिकच्या दुसऱ्या बाजूस असलेल्या त्रिरश्मी लेण्यांकडे आपण वळू.

तेथील दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्याने ४००० कार्षापणांना एक शेत विकत घेतले आणि लेण्यात राहणाऱ्या, चारही दिशांहून येणाऱ्या भिक्षूंच्या 'मुखाहारा'साठी ते दिले. दुसऱ्या लेखात ३००० कार्षापणांच्या अक्षय निधीची नोंद आहे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली होती. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा १ व्याज मिळे. वर्षाचे होत २४०. वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे, म्हणजे हिशेब तंतोतंत जुळतो. मूळ रकमेस हात लावावयाचा नाही, केवळ व्याज खर्चावयाचे, हा नियमही तेथेच कोरलेला आहे. दात्याचा उत्साह ओसरला तरी दान थांबू नये, ही दूरदृष्टी त्यात आहे.

तथापि या व्यवस्थेची मर्यादाही आपण ओळखली पाहिजे. शेताचे उत्पन्न लेण्यातील भिक्षूंसाठी होते. हाच उषवदात वर्षाला एक लक्ष ब्राह्मणांना भोजन देत असल्याचे लेखात म्हटले आहे. वाटसरूंसाठी त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्या. परंतु केवळ भुकेला आहे म्हणून ज्याला अन्न मिळावे, अशा मनुष्याचा निराळा उल्लेख या लेखांत नाही. घेणाऱ्याची योग्यता पाहून दान देण्याची ही रीत होती.

ही रीत मोडणारे एक उदाहरण १८७७ च्या दुष्काळात दिसते. जोतीराव व सावित्रीबाई फुले आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालविला. तेथे भूक हीच पात्रता ठरली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि पुढील आठवड्यांत मुंबई-आग्रा महामार्गाने हजारो श्रमिक आपापल्या गावांकडे पायी निघाले. रस्त्यालगतच्या स्वयंसेवकांनी त्यांना अन्नपाणी दिले. त्याच वर्षी २६ जानेवारीस सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचा दर शासनाने १० रुपयांवरून ५ रुपये केला. संकटकाळी समाज धावून येतो, हे तेव्हा सिद्ध झाले. मात्र संकट सरले की चुली विझतात. रोजंदारी न मिळालेल्या मजुराची भूक तशीच राहते.

म्हणून पिंपळगावसारख्या ठिकाणी हे कार्य करणाऱ्यांनी दोन्ही वारसे एकत्र आणावेत, असे आम्हांस वाटते. पात्रता धनकवडीची असावी : भूक लागलेला कोणीही यावा, त्याला जात, गाव वा कारण विचारू नये. शिस्त मात्र त्रिरश्मीची असावी. आठवड्याचा वार ठरलेला असावा. धान्य व भाजीपाला कोठून येणार ते आधी निश्चित असावे. थोडी तरी रक्कम न मोडता राखून ठेवावी आणि जमाखर्च सर्वांसमोर वाचावा. उषवदाताने आपला हिशेब दगडावर कोरून ठेवला. आपल्याला तो विहाराच्या वा चावडीच्या फळ्यावर खडूने लिहिता येईल.