पाणबुड्याच्या सुरीची मूठ

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा धाकटा भाचा आमच्या घरीं आला, तो सुरीचें एक पातें कागदांत गुंडाळून घेऊन आला. मालवणाजवळ तारकर्लीस समुद्रांत बुडी मारण्याची विद्या तो अलीकडे शिकला आहे. आणि तयार सुरी विकत घेण्यापेक्षां ती आपल्या हातांनीं घडवावी, अशी त्याची हौस. त्याच्या आईस, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीस, यांतलें कांहींच पसंत नाहीं. समुद्रापुढें नारळ ठेवावा, त्यांत आपण उतरूं नये, असें तिचें मत. पातें गंज न धरणाऱ्या पोलादाचें असून तें घांसून पुरें झालेलें होतें. अडलें होतें तें मुठीपाशीं. "मामा, तुम्ही इतिहास शिकवतां, जुन्या लोकांनीं मुठी कशाच्या केल्या आणि त्या कशा सजवल्या, तेवढें सांगा," असें तो म्हणाला. जन्मांत घोट्यावर समुद्र न पाहिलेल्या मनुष्यास हा प्रश्न विचारणें धाडसाचें होय. परंतु तीस वर्षें अध्यापन केल्यावर "ठाऊक नाहीं" असें म्हणण्याची संवय उरत नाहीं. मीं दोन दिवसांची मुदत मागितली, आणि पुस्तकें काढून बसलों.

पाणबुड्याची सुरी म्हटली कीं अष्टपादाशीं झुंजणारा वीर आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. तें चित्र सिनेमावाल्यांचें. खऱ्या पाणबुड्यास सुरी लागते ती पायांत अडकलेला दोरखंड किंवा जाळें कापण्यासाठीं, आणि तीही अंधारांत, चांचपडत. 'रॉयल जॉर्ज' नांवाची इंग्रजी युद्धनौका १७८२ मध्यें पोर्ट्‌स्मथनजीक बुडाली होती. तिचे अवशेष काढण्याचें काम कर्नल पॅस्ले यांच्या देखरेखीखालीं १८३९ पासून १८४३ पर्यंत चाललें, आणि त्या कामांत ऑगस्टस सीबे याचा धातूच्या शिरस्त्राणाचा पोशाख कसास लागला. पुढें शंभर वर्षें जगभर बहुतेक त्याच घाटाचा पोशाख चालू राहिला. या पोशाखाबरोबर कमरेस जी सुरी असे, तिचें म्यान पितळी नळकांड्याचें आणि मूठ कातीव लांकडाची. ती सुरी म्यानांत खुपसावयाची नसे. फिरकीच्या बुचाप्रमाणें आट्यांनीं फिरवून बसवावयाची असे. पाणबुड्या ओणवा झाला, पडला, उलटा झाला, तरी ती गळून जाऊं नये हा हेतु. मुठीवर नक्षी असलीच तर कांताऱ्यानें पाडलेल्या चार खांचा. थंडीनें बधिरलेल्या बोटांना तेवढाच आधार.

परंतु लांकूड हें पाण्याचें मित्र नव्हे. तें पाणी पितें आणि फुगतें, उन्हांत वाळतें आणि आकसतें. खिळे सैल होतात, आणि मुठींत गेलेल्या पोलादाभोंवतीं खारें पाणी दबा धरून बसतें. शिंगाची व हाडाची गतही फारशी निराळी नाहीं. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील लिग्नम व्हायटी नांवाचें लांकूड मात्र अपवाद म्हणावें लागेल. तें इतकें जड कीं पाण्यांत बुडतें, आणि अंगच्याच राळेनें इतकें तेलकट कीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आगबोटींच्या पंख्याचा दांडा ज्यांत फिरतो तीं धारणें त्याचीं करीत. धातूपेक्षां लांकूड टिकलें, ही गोष्ट आमच्या विज्ञानाच्या सहाध्यापकांना सांगितली कीं ते प्रथम हंसतात.

लांकडाचें हें दुखणें ओळखून त्यावर सर्वांत शहाणपणाचा तोडगा काढला तो जपानी तलवारकारांनीं. तेथें भीति समुद्राची नव्हती, घामाची व रक्ताची होती. पण ओल्या हाताचा प्रश्न तोच. मुठीचा गाभा ते मॅग्नोलियाच्या जातीच्या मऊ लांकडाचा करीत, कारण त्यांत पोलादास गंजविणारी राळ नसते. लांकडाचीं दोन फाळकीं भाताच्या खळीनें चिकटवीत, म्हणजे पुढेंमागें उकलतां यावींत. त्यांवर पाकट माशाचें कातडें ताणून बसवीत. आपल्या कोंकणच्या बाजारांत पाकट पाहिलेल्यास त्याच्या पाठीवरचे खडबडीत, मोत्यासारखे दाणे सांगावयास नकोत. असें उत्तम कातडें जपानांत मिळेना, म्हणून डच व्यापारी सयामकडून गलबतें भरून तें नेत. कातड्यावर रेशमी किंवा चामड्याची फीत उलटसुलट गुंडाळली म्हणजे मध्यें शंकरपाळ्यासारख्या जागा सुटतात, आणि त्यांतून पांढरे दाणे दिसतात. पाहणाऱ्यास ही निव्वळ सजावट वाटते. वस्तुतः फीत ओली झाली तरी घसरूं नये म्हणून खालीं दाणे, आणि बोटें घसरूं नयेत म्हणून वर फितीच्या गांठी. मुठीच्या दोन्ही अंगांस फितीखालीं धातूचे चिमुकले अलंकार असतात. कोठें सिंह, कोठें फूल, कोठें झिंगा. पातें मुठींत धरून ठेवणाऱ्या खुंटीच्या टोंकावरचें झांकण, हें त्यांचें मूळ. पुढें खुंटी बांबूची झाली व तिची जागाही निराळी झाली. झांकण मात्र दागिना होऊन मागें राहिलें, आणि हाताच्या पकडीस अजून उपयोगी पडतें. मुठीवरची चांगली नक्षी बहुधा अशीच जन्मास येते. आधीं ती नोकरी करते, मग नटते.

याच्या उलट प्रकार पाहावयाचा असेल तर मोगल दरबारांत जावें. जहांगीर बादशहास इराणच्या शहा अब्बासाकडून एक खंजीर आला. त्याची मूठ 'माशाच्या दांताची' होती. हा मासा म्हणजे उत्तर ध्रुवाकडील समुद्रांतला वॉलरस. त्याच्या सुळ्याचा गाभा हस्तिदंतासारखा एकरंगी नसतो. त्यांत संगमरवरासारखें चित्रविचित्र मिश्रण असतें. बादशहास त्याचें वेड लागलें. वाटेल त्या किंमतीस असे दांत आणा, म्हणून त्यानें इराण व तुराणकडे माणसें पाठविलीं. पुढें चांगला दांत मिळाला, तेव्हां पूरण व कल्याण या दोघां उस्तादांकडून त्यानें त्याच्या मुठी करविल्या. हें सारें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत १६१९ च्या सुमाराच्या हकीकतींत मोठ्या हौसेनें लिहिलें आहे. पूरणास हत्ती मिळाला, कल्याणास 'अजाइबदस्त' हा किताब. खजिन्यांतल्या रत्नांपेक्षां त्यास ती मूठ प्यारी वाटली, आणि त्यांत न्यारें असें कीं जिच्यावर तो भाळला ती नक्षी कारागिरानें काढलेली नव्हती. दांताच्या पोटांतच होती. मद्यपी म्हणून आपण या बादशहास फार लवकर निकालांत काढतों. त्याची नजर मात्र उसनी नव्हती.

त्याच्या मुलाच्या काळांत मुठी यशम दगडाच्या, म्हणजे जेडच्या, होऊं लागल्या. खोतानकडून येणारा हा दगड पोलादाच्या हत्यारास दाद देत नाहीं. कुरुंदाच्या भुकटीनें तो झिजवावा लागतो, कापतां येत नाहीं. १६४० च्या सुमाराची एक मूठ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. तिचा माथा म्हणजे नीलगाईचें मस्तक, नाकपुड्या जणू आतां हलतील. कौशल्य असें कीं बोलणें खुंटावें. परंतु गुळगुळीत दगड घामेजल्या तळव्यांत कितीसा ठरणार? ती मूठ धरण्यासाठीं नाहींच. शेल्यांतून डोकें बाहेर काढून दरबारास दिसण्यासाठीं आहे.

हें सर्व ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे नक्षी नकोच कीं काय?" तेव्हां मीं त्यास जपानच्या शिमा प्रांतांतील आमा बायकांची गोष्ट सांगितली. या बायका हवेच्या नळीशिवाय, केवळ श्वास कोंडून, समुद्रतळाचे अबालोन शिंपले काढतात. डोक्याच्या फडक्यावर आणि शिंपला उचकटण्याच्या लोखंडी हत्यारावर त्या दोन खुणा करतात. पांच आडव्या व चार उभ्या रेघांची एक जाळी. इतके डोळे पाहत असतां भूतबाधा जवळ येत नाहीं. दुसरी खूण पांच टोंकांचा तारा. तो हात न उचलतां एका रेघेंत काढावयाचा. रेघ निघाली तेथेंच परत येते, तशी बुडी मारलेली बाईही परत यावी.

भाच्यानें शेवटीं लांकूड घेतलें नाहीं, शिंगही नाहीं. कापडाचे थर राळेंत भिजवून, उष्णतेनें व दाबानें एकजीव केलेली फळी त्यानें आणली. ही राळ म्हणजे १९०७ मध्यें लिओ बेकलंड यानें शोधलेल्या बेकलाइटचीच जात. मूठ गोल घांसतांना कापडाचे थर उघडे पडले, आणि नकाशांतील डोंगराच्या रेघांसारखी नक्षी आपोआप उमटली. जहांगिरास ती आवडली असती. ओल्या हातांतही ती सुटत नाहीं, हें मीं स्वतः न्हाणीघरांत बादलींत हात घालून पाहिलें. अंगठा टेकतो तेथें त्यानें एक तारा कोरला.

बहिणीनें सुरी पाहिली, आणि ही खूण कसली, असें विचारलें. मीं अर्थ सांगितला. ती कांहीं बोलली नाहीं. चष्मा लावून तिनें सुरी दिव्याजवळ नेली, आणि रेघ निघते तेथेंच परत मिळते ना, हें नख फिरवून पाहूं लागली.