लुगडे, मर्यादा आणि आपण

स्त्रीने काय नेसावे याची जेवढी चर्चा आपल्या समाजात झाली, तेवढी पुरुषाच्या धोतराची किंवा पगडीची कधीच झाली नाही. धर्म, मर्यादा, कुळाचार ही नावे पुढे केली जातात. परंतु इतिहास चाळला म्हणजे निराळेच दिसते. भगिनींनो, आपल्या वऱ्हाडाशी नाते असलेल्या दोन गोष्टी येथे सांगते.

पहिली गोष्ट बुलढाण्याची. तेथील ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी सरसकट स्त्रीजातीला नावे ठेवली, म्हणून ताराबाईंनी लेखणी उचलली. त्या काळी ब्राह्मण विधवेचे केशवपन करून तिला आलवण नेसवीत. बायको वारलेल्या पुरुषाचा पोशाख मात्र होता तसाच राही. पुरुषांनी बूट-पाटलोण चढविली तरी त्यांचा धर्म बुडत नाही, मग सारा धर्म बायकांनीच का सांभाळावा, असा ताराबाईंचा रोख होता. हे पुस्तक पुढे विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले.

दुसरी गोष्ट १९२७ ची. त्या वर्षी नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी आपल्या अमरावतीत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढच्याच महिन्यात महाडच्या सत्याग्रह परिषदेत त्यांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले. अस्पृश्य मानलेल्या स्त्रियांनी लुगडे आखूड नेसावे आणि ठरावीक जाडजूड दागिने घालावे, अशी रूढी होती. दुरूनच जात ओळखू यावी हा तिचा परिणाम. ही खूण टाकून द्या, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, असे बाबासाहेबांनी सांगितले. बायकांनी ते लगेच मनावर घेतले. चित्रे व टिपणीस या सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना तसे नेसण्यास मदत केली.

यातले मर्म ध्यानात घ्यावे. घोट्यापर्यंतचे लुगडे एकीच्या अंगावर शालीनता ठरे आणि दुसरीच्या अंगावर तोच उद्धटपणा मानला जाई. म्हणजे प्रश्न मर्यादेचा नव्हताच. कोणी कोणावर हुकूम चालवायचा, याचा होता. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरास दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, तिच्या अध्यक्षा आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. ज्यांच्या लुगड्याची लांबी दुसरे ठरवीत, त्यांच्याच भगिनी पंधरा वर्षांत स्वतः ठराव मांडू लागल्या.

आज आलवण गेले, आखूड लुगड्याची सक्तीही गेली. नजर मात्र अजून गेलेली नाही. कोणाची सून जीन्स घालते, कोणाची शेजारीण बुरखा घेते, कोणी नवरा गेल्यावरही टिकली लावते, यावर आपणच ओट्यावर बसून निकाल देतो. कोणावर बुरख्याची सक्ती होत असेल तर तो अन्याय आहे. आणि जी तो आपखुशीने घेते, तिला तो काढावयास लावणे हाही अन्यायच. कोणत्याही वस्त्राविषयी पहिला प्रश्न एकच असावा: तिला स्वतःला काय हवे आहे?

यंदाच्या वर्धापनदिनी सर्वांनी नऊवारीच नेसावी, अशी सूचना मंडळात आली आहे. हौसेने जरूर नेसावी. मीही नेसणार आहे. पण तो नियम होऊ नये. आणि हळदीकुंकवाचे बोलावणे विधवा भगिनींनाही आवर्जून जावे, एवढीच माझी विनंती आहे.