वनांचे दप्तर

आमच्या वनांचा लेखी इतिहास शोधावयास पुणेकरांनी दूर जाण्याचे कारण नाही. दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. पुढे वनाधिकारी टॅल्बट यांनी इलाख्यातील व सिंधमधील वनवृक्षांवर ग्रंथ लिहिला. त्याचे दोन खंड १९०९ व १९११ साली पुण्यातच सरकारी छापखान्यात छापले गेले. शास्त्रीय नावांबरोबर त्यात ऐन, हिरडा अशी देशी नावेही आहेत. ही नावे रानात राबणाऱ्यांच्या तोंडची. ग्रंथ मात्र इंग्रजीत, म्हणून त्यांनाच परका. १९५५ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय कार्यालयही पुण्यात आहे. कोणत्या डोंगरावर पूर्वी काय उभे होते, हा वाद निघाला की असल्या कागदांचीच साक्ष लागते. ती सर्वांना वाचता यावी, यासाठी हे दप्तर आपण मराठीत आणले पाहिजे.